रजेच्या मुदतीत शिक्षक नेमताना: निवृत्त की नवे?

शिक्षकाच्या रजेचा अर्ज हातात पडला की बहुतेक मुख्याध्यापक आधी फोनमधली नावे चाळतात आणि रजा किती दिवसांची आहे हे नंतर पाहतात. हा क्रम उलटा करावा, ही पहिली सूचना. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठीची महिन्या-दीड महिन्याची रजा आणि १८० दिवसांची प्रसूती रजा यांना एकच माणूस सहसा चालत नाही.

महिना-दीड महिन्याच्या आतली रजा असेल, विशेषतः ती दहावीच्या वर्गाची असेल, तर निवृत्त शिक्षकांना बोलवावे. आपल्याकडे शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतात, त्यामुळे पुढची काही वर्षे तरी अंगात चार-पाच तासिका उभे राहून घेण्याची ताकद असते आणि दुसऱ्या दिवशीपासून वर्ग हाती देता येतो. नव्या शिक्षकाचा पहिला पंधरवडा मुलांची नावे आणि वर्गाची शिस्त यांतच जातो, आणि तो रुळेपर्यंत मूळ शिक्षक हजर होतात. शिवाय कोल्हापूरच्या पेठांमधून मुलाच्या वडिलांनाही याच गुरुजींनी शिकवलेले असण्याची शक्यता बरीच असते, त्यामुळे पालकांच्या अर्ध्या तक्रारी फाटकाबाहेरच विरतात.

मात्र निवृत्तीचे वर्ष विचारल्याशिवाय होकार देऊ नये. नववीची पाठ्यपुस्तके २०१७ साली आणि दहावीची २०१८ साली बदलली. त्याआधी निवृत्त झालेल्यांना विषय पाठ असतो, पण पुस्तक नवे असते. दुसरीच्या गणितात २०१९ साली ‘वीस एक, वीस दोन’ ही संख्यावाचनाची पद्धत आली, तिने मलाही एकदा अडचणीत आणले. मी नेमलेल्या अनुभवी बाईंनी फळ्यावर २१ लिहून ‘एकवीस’ म्हटले, मुलांनी एका सुरात ‘वीस एक’ म्हटले, बाईंनी ते चूक ठरवले आणि दुसऱ्या दिवशी तीन पालक माझ्या खोलीत आले. चूक माझी होती, कारण पुस्तक त्यांच्या हातात मी सकाळच्या घंटेला दिले होते. तेव्हापासून मी रुजू होण्याच्या आदल्या दिवशी पुस्तक, वेळापत्रक आणि मूळ शिक्षकांचे पाठटाचण देतो आणि त्या दिवसाचेही मानधन धरतो.

चार-सहा महिन्यांची रजा असेल तर नव्या उमेदवाराला घ्यावे. डी.एल.एड. (पूर्वीचे डी.एड.) किंवा बी.एड. होऊन टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, दिलेल्या तरुणाला सबंध सत्र एकच वर्ग मिळाला, तर तो खऱ्या अर्थाने शिकवायला लागतो. त्याला तोडून-तोडून आठ-आठ दिवस वापरणे हे त्याचेही नुकसान आणि वर्गाचेही. नेमताना दोन गोष्टी लेखी ठरवाव्यात: शासनाच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर निवड झाल्यास किमान पंधरा दिवस आधी कळवणे आणि पात्रता परीक्षेच्या दिवसाची सुट्टी. निवड झाल्यावर तो जाणारच, त्याबद्दल रुसून बसण्यात अर्थ नाही. पहिल्या आठवड्यात रोज एक तासिका त्याला ज्येष्ठ शिक्षकांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसवावे. जमल्यास आठवड्यातून दोनदा एखाद्या निवृत्त शिक्षकांना त्याचे पाठटाचण पाहण्यासाठी बोलवावे. माझ्या अनुभवात ही जोडी सर्वांत चांगली चालते आणि तिचा खर्च थोड्या तासिकांपुरताच असतो.

मानधनाबाबत मी आग्रही आहे: तासिका तीच, तर दरही तोच. शिक्षण सेवकांचे, म्हणजे नव्याने भरती झालेल्या शिक्षकांचे, मानधन १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिकसाठी १६,००० आणि माध्यमिकसाठी १८,००० रुपये झाले, आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळांत सत्तरीपर्यंतच्या निवृत्त शिक्षकांना कंत्राटी तत्त्वावर २०,००० रुपये देण्याचे ठरले. निवृत्तिवेतन घेणाऱ्याला जास्त आणि घर चालवायला निघालेल्याला कमी, ही डी.एड.-बी.एड. धारकांची तक्रार मला रास्त वाटते. खासगी शाळांत नेमके उलटेही घडते: ‘सरांना पेन्शन आहे’ म्हणून त्यांना नारळ-शालीवर भागवले जाते. विनाअनुदानित शाळेतून निवृत्त झालेल्यांना ती पेन्शन असतेच असे नाही, हे विचारायचे कोणाच्या मनातही येत नाही.

जुलै-ऑगस्टमधल्या रजेसाठी उमेदवाराचा पत्ता नीट पाहावा. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे; पाणी तिथवर चढू लागले की बालिंग्याचा पूल बंद होण्याची धास्ती असते आणि गगनबावड्याच्या बाजूने येणारा शिक्षक, नवा असो वा जुना, घरीच अडकतो. अशा दिवसांत नदीच्या अलीकडे राहणारा साधा शिक्षक पलीकडच्या हुशार शिक्षकापेक्षा उपयोगी पडतो.

नेमणुकीच्या आदेशात ‘रजा मुदतीपुरती’ हे शब्द, सुरुवातीची व शेवटची तारीख, इयत्ता, विषय आणि तासिकांची संख्या असावी. पोलिसांकडील चारित्र्य पडताळणीचा दाखला दोघांकडूनही घ्यावा. ज्येष्ठांना तो मागताना संकोच वाटतो, पण तो गिळावा. शेवटच्या दिवशी मानधनाचा धनादेश देण्यापूर्वी एक पानी नोंद लिहून घ्यावी: धडा कुठवर झाला, कोणत्या वह्या तपासायच्या राहिल्या आणि कोणती दोन-चार मुले मागे पडली आहेत. परतलेले शिक्षक हजेरीपटाच्याही आधी हेच पान मागतात.