क्षारांच्या विद्राव्यतेचं गणित अडलंय? मदत अशी माग

प्रश्नाचा फोटो आणि खाली "सर, सोडवून द्या ना" असा निरोप आला की मी उलट विचारतो, कुठपर्यंत आलास? "काहीच जमत नाही" हे उत्तर मी धरत नाही. वियोजनाचं, म्हणजे क्षार पाण्यात आयनांत कसा फुटतो त्याचं, समीकरण तरी लिहिता येतंच. तेवढं लिहून पाठवलंस तर निम्म्या वेळा अडलेली जागा मला त्यातच दिसते.

आधी प्रश्न कोणत्या जातीचा आहे ते बघ. तापमान आणि ग्रॅम दिलेत, तर ते तापमान-विद्राव्यता आलेखाचं साधं काम आहे. १०० ग्रॅम पाण्यात पोटॅशियम नायट्रेट ६० अंश सेल्सिअसला सुमारे ११० ग्रॅम विरघळतं, २० अंशांना सुमारे ३२. म्हणजे थंड केल्यावर ७८ ग्रॅम स्फटिक खाली बसतील. इथे फसगत एकच: प्रश्नात वजन पाण्याचं दिलंय की द्रावणाचं? ६० अंशांच्या २१० ग्रॅम संपृक्त (आणखी क्षार विरघळणार नाही अशा) द्रावणात पाणी १०० ग्रॅमच असतं.

खरी रडारड विद्राव्यता गुणाकाराची, म्हणजे संपृक्त द्रावणातल्या आयनांच्या संहतींच्या (लिटरमागे मोल) गुणाकाराची; समीकरणात जितके आयन, तितका त्या संहतीचा घात. सिल्व्हर क्लोराइड सोपं: लिटरमागे क्ष मोल विरघळलं तर दोन्ही आयन क्ष, गुणाकार क्ष वर्ग. सिल्व्हर क्रोमेटला मात्र एका क्रोमेटमागे चांदीचे दोन आयन, म्हणून चांदीचे आयन २क्ष, क्रोमेट क्ष. मग "दोनने गुणलं, वर वर्गही केला, हे दोनदा नाही का झालं?" हा प्रश्न येतो. चांगला प्रश्न आहे. २क्ष ही चांदीच्या आयनांची खरोखरची संहती. वर्ग येतो तो समीकरणात चांदीचे दोन आयन आहेत म्हणून. दोन्ही हवेत, म्हणून ४क्ष³.

याच जोडीत आणखी एक गंमत आहे. २५ अंशांना सिल्व्हर क्लोराइडचा गुणाकार सुमारे १.८ × १०⁻¹⁰, क्रोमेटचा १.१ × १०⁻¹². आकडा लहान, म्हणून क्रोमेट कमी विरघळतं असं मुलं ठोकून देतात. गणित करून बघ: क्लोराइड लिटरला १.३ × १०⁻⁵ मोल, क्रोमेट ६.५ × १०⁻⁵. क्रोमेटच पाचपट जास्त! सूत्रांची घडण वेगळी असली की नुसत्या गुणाकारांची तुलना चालत नाही.

आता विचारायचं कसं? असं: "सिल्व्हर क्लोराइड ०.१ मोलर मिठाच्या द्रावणात आहे. क्लोराइड मी ०.१ + क्ष धरलं, पुढे वर्गसमीकरण आलं. क्ष सोडून देता येईल का?" याला एका ओळीत उत्तर मिळतं: हो, क्ष १.८ × १०⁻⁹ येतो, ०.१ पुढे तो कुठेच नाही. अवक्षेपाच्या (द्रावणं मिसळल्यावर न विरघळणारा साका बसेल का, अशा) प्रश्नात दोन द्रावणं मिसळल्यानंतरच्या संहती लिहून पाठव. समान आकारमानं मिसळली की दोन्ही निम्म्या होतात, हे विसरूनच मुलं अडतात.

उत्तर मोबाइलवरच्या अॅपने दिलं असो की मित्राने, आलेला क्ष पुन्हा गुणाकारात घालून बघ. मग वही मिटून कॅल्शियम फ्लुओराइड एकट्याने कर. तिथेही ४क्ष³ येतं, फक्त २क्ष फ्लुओराइडचे. हे स्थिरांक पुस्तकागणिक थोडे बदलतात. त्यामुळे उत्तर जुळत नसेल, तर मला निरोप टाकण्याआधी गृहपाठात दिलेलाच आकडा घेतलायस ना, ते बघ.