छोट्या खोलीच्या हॉटेलात जाताय? आधी बॅग उघडून मोजा

ओळखपत्र, औषधं, चार्जर हे सांगायला नको.

बुकिंग करताना फोटोंवर जाऊ नका, ते वाइड अँगलचे असतात. खोलीचं क्षेत्रफळ बघा. 10 चौरस मीटर म्हणजे जेमतेम 108 चौरस फूट, आणि बहुतेक वेळा बाथरूमही त्यातच धरलेलं असतं. 160 बाय 200 सेंटिमीटरच्या पलंगाने सव्वातीन चौरस मीटर खाल्ले, बाथरूमने अडीच-तीन. मग पलंगाच्या कडेला उरते 60-70 सेंटिमीटरची पट्टी. चालायचं तिथेच, कपडे बदलायचे तिथेच.

आता बॅग. घरी ती जमिनीवर उघडा आणि टेपने मोजा. बंद नाही, उघडी. मधोमध चेन असलेली 75 बाय 50 ची कडक सुटकेस उघडली की 75 बाय 100 होते. आडवी टाका, उभी टाका, 70 च्या पट्टीत बसत नाही. मग ती पलंगावर उघडायची, झोपताना मिटून दाराशी उभी करायची आणि सकाळी एका मोज्यासाठी परत पलंगावर चढवायची. मागच्या खेपेला बाकी सगळं नीट होतं, नेमकं हेच राहिलं. म्हणून वरून झाकण उघडणारी मऊ बॅग घ्या, तिचं झाकण भिंतीला टेकून उभं राहतं. पलंगाखाली मोकळी जागा किती, हे हॉटेलला मेल करून विचारा आणि आडव्या बॅगेची उंची भरलेली असताना मोजा. भरल्यावर मऊ बॅग फुगते. दोघं असाल तर बॅग एकच. दोन उघड्या बॅगा म्हणजे भांडण.

बाथरूमला भिंत आहे की काच, हेही विचारा. काच असेल तर पडदा आहे का? नवराबायकोचं निभतं, सासूबाई सोबत असतील तर नाही. पलंग तीन बाजूंनी भिंतीत असेल तर रात्री उठणाऱ्याला बाहेरची कड द्या.

कपाट बहुधा नसतंच, खुंट्या असतात. दोन-तीन पातळ हँगर न्या. ओले कपडे वाळत नाहीत, खिडकी उघडत नसेल तर अजिबातच नाही. दोन दिवसांचे कपडे धुऊन चार दिवस भागवू, असले बेत नकोत.

की-कार्ड, म्हणजे दार उघडायचं कार्ड, दाराजवळच्या खाचेतून काढलं की बऱ्याच ठिकाणी दिव्यांसोबत प्लगही बंद पडतात. तुम्ही बाहेर असताना पॉवर बँक चार्ज होणार नाही, रात्रीच लावा. प्लग पलंगाच्या एकाच बाजूला असतो, दोन मीटरची एक्स्टेंशन हवी.

खाली बार असेल तर वरचा मजला मागा, लिफ्टपासून लांब. इयरप्लग. इस्त्री, किटली कॉरिडॉरमध्ये असते का ते बघा.

चेक-आउटनंतर सामान ठेवून घेतात का, आल्याआल्याच विचारा. निघताना खुंट्या, प्लग, पलंगाखाली.

टेप अजून खणातच असेल तर आधी ते उरका. बॅग उघडी.