डास नव्हे, कागदच निकामी होता

डासांवर कीटकनाशक चालतं का हे बघायला त्यांना कीटकनाशकाचा कागद लावलेल्या नळीत ठेवतात. या संपर्काच्या नळीत डास जिवंत राहिले की नवख्याला उकळ्या फुटतात. मलाही फुटल्या होत्या. मलेरिया पसरवणाऱ्या ॲनॉफिलीस डासाच्या ३ ते ५ दिवसांच्या, रक्त न प्यायलेल्या माद्या, ०.०५ टक्के डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाचा कागद, एक तास संपर्क, २४ तासांनी मोजणी. मृत्यूचं प्रमाण ९० टक्क्यांच्या बरंच खाली, म्हणजे प्रतिकारक्षमता पक्की! मी तक्ते रंगवले, सगळ्यांपुढे मांडलेही.

मागे बसलेल्या प्रयोगशाळेतल्या जुन्या ताईंनी विचारलं, "हे कागद कितव्यांदा वापरलेत?"

मला माहीतच नव्हतं. डबा उघडा सापडला आणि मी तो वापरला. एक कागद सहापेक्षा जास्त वेळा वापरायचा नसतो, हे मी वाचलं होतं. नोंद ठेवायचा मात्र कंटाळा केला.

आता नीट ऐका, कारण इथेच मी सहा महिने घालवले. नुसतं तेल लावलेल्या कागदावरचे माझे डास मस्त जगत होते, म्हणून मी निर्धास्त होतो. पण त्या नळ्या एवढंच सांगतात, की डास तुमच्या हाताळणीने मेले नाहीत. कीटकनाशकाच्या कागदात अजून दम आहे का, हे त्या सांगतच नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेत वाढवलेले संवेदनशील डास त्याच दिवशी, त्याच कागदांवर ठेवावे लागतात. तेही वाचले, तर दोष कागदाचा. माझे वाचले.

तासाभराने उताणे पडलेले डास मेले असं धरू नका; त्यातले काही उठून बसतात. बाकीचं सरावाने येतं, खरंच येतं. चोषकाने, म्हणजे डास उचलायच्या नळीने, डास ओढताना माझे सुरुवातीला पायच तुटायचे.

'थेट केडीआरची पीसीआर कर, वेळ वाचेल' म्हणणारे मार्गदर्शक भेटतील. माझं त्यांच्याशी जमत नाही. ती पीसीआर म्हणजे जनुकाची तपासणी; कीटकनाशक जिथे काम करतं, त्या चेतापेशींतल्या सोडियम चॅनेलमधला बदल, म्हणजे केडीआर, ती दाखवते. डासाची विकरं (एन्झाइम) विष मोडून टाकत असतील, तर ती गप्प. विष मोडणाऱ्या पी४५० विकरांचा संशय असेल, तर आधी त्यांना रोखणाऱ्या पीबीओ या रसायनाच्या कागदावर तासभर ठेवून मग डेल्टामेथ्रिन द्या. मृत्यू वाढले तर धागा मिळाला.

नव्या कागदांवर सगळं पुन्हा केलं. प्रतिकारक्षमता निघालीच, पण आधी मिरवलेल्या आकड्यापेक्षा बरीच कमी. आता प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने रेघा मारतो. सहावी रेघ पडली की कागद बाद.