साथीच्या काळात विद्यार्थी काळजी का घेतात, का टाळतात : महाविद्यालयात हे कसे शोधावे

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही जागतिक महासाथ असल्याचे जाहीर केले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच मास्क, हात धुणे आणि अंतर हे तीन शब्द बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ झाले. माहिती कमी पडली असे म्हणायला जागाच उरली नाही. तरीही महाविद्यालये पुन्हा उघडल्यावर एखादा मुलगा वर्गात मास्क हनुवटीवर ओढून बसे आणि तोच घरी पोहोचल्यावर आजीच्या खोलीत पाऊल टाकण्याआधी अंघोळ करून कपडे बदलत असे. एकाच मुलाच्या वागण्यात ठिकाणानुसार एवढे अंतर पडत असेल, तर त्याचे कारण त्याच्या ज्ञानात नव्हे, त्याच्या भोवतालात शोधावे लागते. राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी, वर्गशिक्षक, वसतिगृहाचे रेक्टर किंवा विद्यार्थी प्रतिनिधी यांना पुढच्या साथीत, अगदी नेहमीच्या फ्लूच्या हंगामातही, हा शोध स्वतः घेता यावा म्हणून ही पद्धत येथे मांडली आहे.

आधी मोजा, मग बोला

व्याख्यान ठेवण्यापूर्वी दोन दिवस केवळ पाहावे. वसतिगृहाच्या मेसमध्ये जेवणाच्या वेळी अर्धा तास एका कोपऱ्यात बसून एका कागदावर तीन रकाने आखावेत : साबणाने हात धुतले, नुसते पाण्याखाली धरले, सरळ ताट उचलले. प्रत्येक मुलामागे एक रेघ ओढावी. नाव, वर्ग, काहीही लिहू नये. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी दुसऱ्या व्यक्तीने मोजावे, कारण मोजणाऱ्याची मते नकळत रेघांत उतरतात.

एका वसतिगृहात आम्ही असे बसलो, तेव्हा निम्म्या तासातच रेघांपेक्षा जागेनेच अधिक सांगितले. बेसिनला चार नळ होते; त्यातले दोन ठिबकत होते. साबणाची वडी जाळीच्या पिशवीत घालून अगदी टोकाच्या नळाला बांधलेली होती. ताटांची रांग दारापासून सुरू होत असे आणि बेसिन रांगेच्या पलीकडे, भिंतीला लागून होते. म्हणजे हात धुवायला जाणाऱ्याची रांगेतली जागा जात असे आणि मागे गेलेल्याच्या वाट्याला पातळ भाजी येत असे. हात न धुणारी मुले बेफिकीर आहेत असा आमचा समज होता. प्रत्यक्षात ती भुकेली आणि हिशेबी होती. ताटे बेसिनच्या पुढे ठेवली आणि रांग बेसिनपासूनच सुरू केली, तेव्हा एकही सूचना न लावता साबणाचा रकाना भरू लागला.

वर्गखोलीत मोजायचे ते वेगळे. कोविडसारखा हवेतून पसरणारा आजार असेल, तर उघड्या खिडक्या मोजाव्यात. बेळगावात पाऊस तिरपा येतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या सकाळीच लावून घेतल्या जातात आणि साठ मुलांच्या वर्गात दुपारपर्यंत त्या कोणी उघडत नाही. खिडकी उघडणे हे कोणाचेच काम नसते. ते शिपायाचे, वर्गप्रतिनिधीचे की तासाला येणाऱ्या प्राध्यापकाचे, एवढे एकदा ठरवले तरी अर्धे काम होते.

धोका कोणाला वाटतो आणि कोणासाठी वाटतो

१९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील मानसशास्त्रज्ञांसमोर एक कोडे होते : क्षयरोगाची क्ष-किरण तपासणी विनामूल्य, तीही गाडीतून लोकांच्या वस्तीजवळ आणून दिली, तरी लोक फारसे येत नव्हते. त्यातून जो आरोग्य-श्रद्धा प्रारूप नावाचा विचार उभा राहिला, तो आजही उपयोगी पडतो. माणूस खबरदारी घेतो की नाही हे त्यानुसार काही प्रश्नांवर ठरते : हा आजार मला होईल का, झाला तर कितपत गंभीर होईल, उपायाचा खरोखर फायदा आहे का, आणि तो करण्यात मला अडचण काय. पुढे त्यात आणखी एक प्रश्न जोडला गेला, तो म्हणजे हे मला जमेल असा विश्वास आहे का.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत पहिला प्रश्न बहुधा लंगडा पडतो. मानसशास्त्रज्ञ नील वाइनस्टीन यांनी १९८० मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात वाईट घटना आपल्यापेक्षा इतरांच्याच वाट्याला येतील असे मानण्याकडे मुलांचा स्पष्ट कल दिसला. कोविडमध्ये तर तरुणांना आजार सहसा सौम्य होतो, हे खरेही होते. त्यामुळे त्यांना घाबरवण्याचा प्रयत्न फसला यात नवल नाही. खोटी भीती घातली की मुले आठवडाभर ऐकतात आणि एखादा मित्र तीन दिवसांत ठणठणीत बरा होऊन परत आला, की सांगणाऱ्यावरचा विश्वासही जातो. त्याऐवजी प्रश्नाचे तोंड वळवावे. चर्चेत ‘तुला काय होईल’ असे न विचारता ‘तुझ्या घरी साठीच्या पुढचे कोण आहे, आणि तू शनिवारी गावी जातोस का’ असे विचारावे. लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस कोविड पसरवू शकतो, ही एक गोष्ट त्याला जोडून सांगितली, म्हणजे शनिवारची खानापूरची बस आणि सोप्यावर बसलेले आजोबा यांच्यातील संबंध मुलाच्या स्वतःच्या ध्यानात येतो. तो त्याच्या तोंडून यावा. आपण सांगू नये.

भीतीबरोबर ताबडतोब करता येण्याजोगा उपाय दिला नाही, तर मुले भीतीलाच टाळतात : बातम्या बंद करतात, थट्टा करतात. म्हणून प्रत्येक इशाऱ्याला एक कृती बांधलेली असावी, आणि ती खिशाला व वेळेला परवडणारी असावी.

बाकीचे काय करतात, याचा अंदाज

मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते ती चिठ्ठ्यांची कसरत, आणि तिला जेमतेम वीस मिनिटे लागतात. वर्गात प्रत्येकाला एकसारखी कोरी चिठ्ठी द्यावी आणि त्यावर दोनच उत्तरे मागावीत. पहिले : शेजारी खोकणारा मित्र मास्क न लावता बसला, तर तुम्हाला अस्वस्थ वाटते का? दुसरे : या वर्गातील शंभरांपैकी किती जणांना अस्वस्थ वाटत असेल? चिठ्ठ्या एका डब्यात गोळा करून तिथल्या तिथे, मुलांपैकीच दोघांकडून मोजून घ्याव्यात आणि दोन्ही आकडे, म्हणजे शेकडा किती जणांनी ‘होय’ लिहिले आणि दुसऱ्या उत्तरातील अंदाजांची सरासरी, फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत.

दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कमी निघाला, तर समजावे की वर्गातील बरीच मुले मनातून सावध आहेत आणि प्रत्येकजण आपण एकटेच सावध आहोत असे धरून चालला आहे. प्रेंटिस आणि मिलर या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील मुलांच्या मद्यपानाबाबत नेमके हेच दाखवले होते : आपल्याला जेवढे खटकते त्यापेक्षा इतरांना कमी खटकते, असे बहुतेकांना वाटत होते. मास्कचेही असेच होते. लावला तर ‘घाबरट’ म्हणतील या धाकाने मुलगा तो खिशात ठेवतो, आणि शेजारचाही त्याच धाकाने ठेवतो. फळ्यावरचे दोन आकडे हा धाक जितका कमी करतात, तितका तज्ज्ञाचा तासभराचा उपदेश करत नाही.

आकडे उलटे निघाले, म्हणजे मुलांना खरोखरच काही वाटत नसेल, तर मात्र ते फळ्यावर मिरवू नयेत. ‘कोणीच पाळत नाही’ असे जाहीर करणे म्हणजे न पाळण्याला परवानगी देणेच होय. सूचनाफलकावर लिहिताना हाच विवेक ठेवावा.

हजेरी, बसपास आणि सरहद्द

अंगात ताप असताना मूल वर्गात का येते? साधारणतः ७५ टक्के हजेरीची अट असते, अंतर्गत गुणांची भीती असते, आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणायचे तर तपासणीचे पैसे पडतात. नियमच आजारी मुलाला वर्गात ओढत असेल, तर जागृती सप्ताह घेऊन उपयोग नाही. साथीच्या काळात दोन-तीन दिवसांच्या तापासाठी पालकाचा एक फोन पुरेसा धरला जाईल आणि त्या तासांची टिपणे वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर मिळतील, एवढे प्राचार्यांकडून लेखी घ्यावे. याचा गैरफायदा काहीजण घेतीलच, तो सोसावा. सकाळच्या गच्च भरलेल्या बसचा प्रश्न महाविद्यालयाच्या हातचा नसतो, पण पहिला तास अर्ध्या तासाने पुढे ढकलणे हातचे असते.

सीमाभागाचे दुखणे आणखी निराळे आहे. बेळगावच्या महाविद्यालयांत शिनोळीमार्गे चंदगड तालुक्यातील मुले रोज येतात. काहींचे घर एका राज्यात आणि वर्ग दुसऱ्या राज्यात असतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे ७२ तासांच्या आतील आरटीपीसीआर चाचणीचा निगेटिव्ह अहवाल असावा असा आदेश कर्नाटकाने काढला आणि निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर गाड्या थांबू लागल्या. रोगाच्या दृष्टीने अशा आदेशाला अर्थ असतो, परंतु रेघेच्या अलीकडे एक नियम आणि पलीकडे दुसरा असे पाहणाऱ्या मुलाच्या मनात नियम आजारासाठी नसून नाक्यासाठी आहे अशी गाठ बसते, आणि मग नाका ओलांडला की मास्क उतरतो. म्हणून महाविद्यालयाने आपला नियम सांगताना सरकारी आदेशाचा क्रमांक वाचून दाखवून थांबू नये. त्याचे कारण एका वाक्यात द्यावे, आणि तो दोन्ही बाजूंच्या मुलांना सारखाच लागू ठेवावा.

भाषेचेही तसेच. परिपत्रक कन्नडमध्ये येते आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलापर्यंत ते मित्राने व्हॉट्सॲपवर केलेल्या अर्धवट भाषांतरातून, एक दिवस उशिरा पोहोचते. सूचना कन्नड आणि मराठीत एकाच वेळी, एकाच कागदावर लावावी. हा भाषेच्या अस्मितेचा वाद करण्याची ही वेळ नव्हे. एक दिवसाचा उशीर साथीत महाग पडतो, एवढेच. लावण्यापूर्वी पाच मुलांना ती वाचायला देऊन ‘आता तू काय करशील’ असे विचारावे. ‘विलगीकरण’ या शब्दावर मूल अडखळले, तर सरळ ‘वेगळ्या खोलीत राहावे’ असे लिहावे.

लसीबाबत ‘नको होती’ आणि ‘मिळाली नाही’ यांची गल्लत करू नये. १ मे २०२१ पासून १८ वर्षांवरील सर्वांसाठी लसीकरण खुले झाले, तेव्हा कोविन संकेतस्थळावर जागा मिळवण्यासाठी मुले मध्यरात्री मोबाइल घेऊन बसत होती. ज्यांना खरोखर शंका आहे त्यांच्याशी बोलताना टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोपासून सुरुवात करावी. तेथे एकेकाळी देवीची लस तयार होत असे, हे त्या मैदानावर क्रिकेट खेळणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते. आणि देवीचा रोग जगातून गेल्याची घोषणा १९८० मध्ये झाली, हे सांगितले की गप्पा आपोआप पुढे सरकतात.

प्रश्नावली काढायचीच असेल तर

प्रकल्पासाठी प्रश्नावली काढणाऱ्या विद्यार्थ्यांनी ‘तुम्ही नेहमी हात धुता का’ असे विचारू नये. त्याला सगळे होयच म्हणतात. ‘काल दुपारी जेवणापूर्वी साबण वापरला का’ असे विचारावे. मराठी प्रश्न कन्नडमध्ये नेल्यावर तो तिसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा मराठीत आणवून दोन्ही मराठी मजकूर ताडून पाहावेत. गूगल फॉर्म फक्त गटावर टाकला, तर आधीच सावध असलेलीच मुले तो भरतात, म्हणून निम्मे अर्ज तरी वर्गात कागदावर भरून घ्यावेत. एकदाच घेतलेल्या पाहणीतून ‘या कारणामुळे असे वागतात’ असे ठामपणे म्हणता येत नाही. ‘या दोन गोष्टी एकत्र आढळल्या’ इतकेच लिहावे.

बदल केल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, पूर्वसूचना न देता, त्याच वेळी त्याच कोपऱ्यात बसून पुन्हा रेघा ओढाव्यात. पहिल्या आठवड्यातील मोजणीवर विसंबू नये, कारण नवलाईचे चार दिवस सगळेच पाळतात. रेघा पुन्हा घटल्या असतील, तर मुलांना बोल लावण्याआधी नळाला पाणी आहे का आणि जाळीच्या पिशवीत साबण उरला आहे का, हे जाऊन पाहावे.