दोरी-नाडीच्या कारखान्यात नव्याने येणाऱ्यांसाठी

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात मी शिकाऊ म्हणून लागलो, तेव्हा पहिले तीन महिने मला ब्रेडिंग मशीनला, म्हणजे दोरी विणणाऱ्या यंत्राला, हात लावू दिला नाही. कोनावरचे, म्हणजे शंकूच्या आकाराच्या गुंडाळीवरचे, सूत बॉबिनवर भरणे, म्हणजे वाइंडिंग, एवढेच माझ्या वाट्याला आले. मला तो कमीपणा वाटला होता. आज नव्या माणसाला मीही तेथेच बसवतो, कारण दोरीतले बरेचसे दोष दिसतात मशीनवर, पण जन्मतात बॉबिन भरताना.

मशीनची करामत समजण्यासाठी गोफ आठवावा. वर टांगलेल्या रंगीत दोऱ्या हाती धरून निम्मे खेळगडी एका दिशेने आणि निम्मे उलट दिशेने, एकमेकांच्या आतून-बाहेरून नाचत जातात. मशीनवर खेळगड्यांच्या जागी बॉबिन धरणारे कॅरिअर असतात. १६ कॅरिअरच्या मशीनवर ८ एका दिशेने आणि ८ उलट दिशेने नागमोडी मार्गावरून फिरतात, आणि खाली बसवलेले हॉर्न गिअर, म्हणजे खाचा असलेली चाके, त्यांना एकमेकांच्या हवाली करत पुढे ढकलतात. हा मार्ग सलग जोडलेला असेल तर पोकळ गोल दोरी तयार होते आणि हवा असल्यास तिच्यात गाभ्याचे सूत सोडता येते. मार्ग एका जागी तोडलेला असेल तर कॅरिअर तेथून माघारी वळतात आणि चपटी पट्टी निघते. अशा पट्टीसाठी सहसा कॅरिअरची संख्या विषम असते. तिपेडी वेणी हे तिचे सर्वांत साधे रूप होय.

वीण दाट की विरळ, हे तयार दोरी ओढून घेणाऱ्या रोलरच्या वेगावर ठरते, आणि तो वेग गिअर बदलून साधतात. हिशेब मात्र डेनिअरचा पक्का हवा. ९,००० मीटर सुताचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनिअर. १५० डेनिअरचे दोन पदर १६ बॉबिनांवर घेतले तर एकूण ४,८०० डेनिअर होतात. परंतु दोरीत सूत तिरपे बसत असल्याने तेवढ्याच लांबीच्या दोरीचे वजन याहून अधिक भरते. दर सांगताना नवखे लोक हेच विसरतात.

माझी चूक सांगतो. बॉबिन भरताना दोनपैकी एक पदर तुटला आणि मी तसाच एकेरी धागा भरत राहिलो. धागा पूर्ण तुटला तर कॅरिअरचा खटका पडून मशीन थांबते, पण एकेरी धागा शाबूत होता, त्यामुळे मशीन निमूटपणे चालत राहिले आणि दोरीभर एक बारीक रेघ मळसूत्रासारखी फिरत गेली. गिऱ्हाइकाने सगळा माल परत पाठवला.

कामावर जाण्यापूर्वी रविवार पेठेतून चार तऱ्हेच्या नाड्या आणाव्यात, त्या सावकाश उसवून धागे मोजावेत, आणि कोणती गोल मशीनवरची व कोणती चपट्या पट्टीच्या मशीनवरची, हे स्वतः ओळखून पाहावे. कानांत घालायचे बोळेही सोबत असू द्यावेत. पन्नास मशीनांचा खडखडाट काही थोडाथोडका नसतो.