डिस्नेच्या रांगांचं गणित: प्लॅनिंग सॉफ्टवेअरने सहकुटुंब दिवस कसा आखावा

अमेरिकेतल्या मराठी घरांत एक सहल हमखास ठरते. भारतातून आई-बाबा आले, मुलांना सुट्टी लागली, की फ्लोरिडात ऑर्लँडोला, वॉल्ट डिस्ने वर्ल्ड बघायला. तिथे मोठी चार पार्क आहेत: १९७१ साली उघडलेलं मॅजिक किंगडम, आणि त्यानंतर आलेली एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम. आजी-आजोबा, आई-वडील आणि दोन मुलं अशा सहा जणांच्या एका दिवसाच्या तिकिटाला इतके पैसे पडतात की तो दिवस रांगेत घालवणं जिवावर येतं. 'पोचल्यावर बघू' म्हणून गेलेलं कुटुंब भर दुपारी तासाभराच्या रांगेत उभं असतं. तीच राइड सकाळी पार्क उघडल्या उघडल्या घेतली असती तर फारसं थांबावंच लागलं नसतं.

सगळा खेळ क्रमाचा आहे. दहा राइड्स घ्यायच्या म्हटलं तर त्यांचे क्रम होतात ३६,२८,८००. त्यात प्रत्येक राइडची रांग तासातासाला बदलते, म्हणजे हे गणित कागदावर सुटणारं नाही. टुरिंगप्लॅन्स नावाची सेवा हेच काम करते. ती सुरू करणाऱ्या लेन टेस्टा यांनी संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासात याच प्रश्नावर काम केलं होतं: फिरत्या विक्रेत्याने सगळी गावं कमीत कमी वेळात कशी करावीत, हा जुना प्रश्न, फक्त इथे गावांऐवजी राइड्स. सेवेची वर्षाची वर्गणी आहे, पण तिकिटांच्या खर्चापुढे ती किरकोळ आहे.

मात्र सॉफ्टवेअरला रांगा कळतात, तुमच्या घरातली माणसं कळत नाहीत. ती माहिती तुम्हीच भरायची असते, आणि आखणी जमते की फसते ते तिथेच ठरतं. म्हणून या लेखात बटणांपेक्षा भरायच्या माहितीवर जास्त लिहिलं आहे.

तारीख आणि पार्क

टुरिंगप्लॅन्सचं गर्दीचं कॅलेंडर १ ते १० अशा आकड्यांत गर्दीचा अंदाज देतं. नाताळ ते नवीन वर्ष, थँक्सगिव्हिंगचा आठवडा आणि मार्च-एप्रिलमधली शाळांची वसंताची सुट्टी टाळता आली तर जरूर टाळा. तारीख हातात नसेल, तर निदान कोणत्या दिवशी कोणतं पार्क हे कॅलेंडर बघून ठरवा. लहान मूल आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर पहिला मान मॅजिक किंगडमचा, कारण सगळ्यांनी एकत्र बसायच्या राइड्स तिथेच सर्वांत जास्त आहेत. पुढचं सगळं त्याच पार्कचं उदाहरण धरून सांगते.

आधी माणसं, मग राइड्स

लॅपटॉप उघडण्याआधी मुलांना भिंतीला उभं करून उंची मोजा. सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला किमान ९७ सेंटीमीटर लागतात, स्पेस माउंटनला ११२ आणि ट्रॉनला १२२. प्रवेशाशी पट्टी असते आणि कर्मचारी तिथे सूट देत नाहीत. ज्या राइडला मूल बसत नाही तिचं कौतुक महिनाभर त्याला ऐकवत राहू नका.

मग आजी-आजोबा. इथे माहिती खोलात वाचावी लागते, कारण 'सौम्य राइड' म्हणजे गुडघेदुखी असलेल्या माणसाला सोयीची राइड असं नाही. पीटर पॅन्स फ्लाइट अगदी लहान मुलांचीही लाडकी, पण तिच्यात चढताना सरकत्या पट्ट्यावर पाय टाकून लगेच बसावं लागतं आणि पट्टा थांबत नाही. पीपलमूव्हर ही निवांत फेरी खरी, पण तिथे पोचायला सरकत्या उतारावरून वर जावं लागतं. याउलट जंगल क्रूझ आणि इट्स अ स्मॉल वर्ल्ड या दोन्हींत व्हीलचेअर घेऊन बसता येईल अशा होड्या आहेत. आई-बाबांना सरकत्या जिन्याची भीती वाटत असेल, तर हे आधी माहीत असलेलं बरं. ऐन चढताना मागची रांग खोळंबली की त्या बिचाऱ्या माणसाला उगाच अपराधी वाटतं.

आता राइड्सच्या तीन याद्या करा: सगळ्यांनी मिळून, फक्त काहींनी, आणि राहिली तरी चालेल. तिसरी यादी मोठी ठेवा. 'सगळंच बघू' म्हणणाऱ्या घरात संध्याकाळी सहाला कोणीतरी रडत असतं.

दुसऱ्या यादीतल्या राइड्ससाठी रायडर स्विच आहे. मूल उंचीत बसत नसेल तर प्रवेशावरच्या कर्मचाऱ्याला तसं सांगायचं. एक पालक आधी जाऊन येतो, दुसरा मुलाजवळ थांबतो, आणि नंतर त्या दुसऱ्याला साधी रांग पुन्हा न लावता लायटनिंग लेन या वेगळ्या, जलद रांगेतून सोडतात. यात घराचा वेळ दुप्पट जातो. म्हणून आखणीत अशा राइडनंतर अर्ध्या तासाची विश्रांती वेगळी टाका.

सॉफ्टवेअरमध्ये काय भरायचं

नवीन आखणी उघडून पार्क आणि तारीख निवडा. पुढचा रकाना पोचण्याच्या वेळेचा, आणि बहुतेक आखण्या इथेच कोलमडतात. मॅजिक किंगडमच्या दाराशी गाडी लावता येत नाही. गाडी लावायची ट्रान्सपोर्टेशन अँड तिकीट सेंटरला, आणि तिथून मोनोरेलने किंवा फेरीबोटीने तळं ओलांडायचं. मधे सामानाची तपासणी असते. पार्किंगपासून दारापर्यंत पाऊण तास धरा आणि रकान्यात दाराशी पोचण्याची वेळ लिहा. डिस्नेच्या हॉटेलात उतरला असाल तर रोज अर्धा तास आधी आत सोडतात. तो अर्धा तास सोन्यासारखा आहे, पण आजोबांची अंघोळ, चहा आणि गोळ्या उरकून तो साधणार आहे का, हे आदल्या रात्री घरात विचारून घ्या.

चालण्याचा वेग 'हळू' ठेवा. स्ट्रोलर आणि व्हीलचेअर असताना गर्दीतून कोणीच भरभर चालत नाही. कमी थांबायचं की कमी चालायचं, हाही पर्याय मिळतो. ज्येष्ठ मंडळी असतील तर कमी चालणं निवडा. एखाद्या रांगेत दहा मिनिटं जास्त गेली तरी चालतील, पण पार्कच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या फेऱ्या वाचतात.

मग राइड्स एकेक जोडा, आणि त्यांच्यातच जेवण आणि विश्रांती वेळेसह घाला. बाहेरचं खाणं आत न्यायला डिस्नेची हरकत नसते, फक्त काचेची भांडी चालत नाहीत. म्हणजे दशम्या, चटणी, चिवडा, लाडू खुशाल न्या. लोणच्याची बरणी मात्र हॉटेलवर ठेवा. डबा बरोबर असला तरी जेवणाला चाळीस मिनिटं लिहा, कारण सावलीतलं टेबल शोधण्यात वेळ जातोच. दुपारी एक ते तीनच्या मधे एक मोठी विश्रांती हवीच. फ्लोरिडाचं ऊन नागपूरकरांनाही जड जातं, कारण त्यात दमटपणाची भर असते.

ऑप्टिमाइझ आणि इव्हॅल्युएट

ही दोन बटणं नीट समजून घ्या. ऑप्टिमाइझ दाबलं की सॉफ्टवेअर स्वतः क्रम लावतं. इव्हॅल्युएट दाबलं की तुम्ही लावलेला क्रम तसाच ठेवून प्रत्येक ठिकाणी किती थांबावं लागेल ते सांगतं.

आधी ऑप्टिमाइझ करा आणि आलेला क्रम घरच्यांना वाचून दाखवा. पीटर पॅन पहिल्याच तासात आलेली दिसली तर नवल वाटू देऊ नका. तिच्या एका होडीत दोन-तीन माणसंच बसतात, त्यामुळे रांग पुढे सरकत नाही आणि दिवसभर लांबच राहते. हाँटेड मॅन्शनमध्ये डबे अखंड फिरत राहतात, तासाला पुष्कळ माणसं आत जातात, म्हणून ती दुपारीही जमते. राइड किती गाजलेली आहे यापेक्षा ती तासाला किती माणसांना फिरवून आणते, यावर रांग जास्त ठरते. हे एकदा कळलं की सॉफ्टवेअरच्या क्रमामागचं कारण दिसू लागतं.

त्यानंतर तुम्हाला खटकेल ते हाताने हलवा आणि इव्हॅल्युएट दाबा. समजा, धाकट्याच्या झोपेच्या वेळी ट्रॉन आली आहे. ती रात्रीवर ढकला आणि एकूण वेळ किती वाढतो ते बघा. पंधरा-वीस मिनिटं वाढली तर बेलाशक तुमचाच क्रम ठेवा. तासभर वाढत असेल तर घरात बोलून ठरवा.

लायटनिंग लेन

माय डिस्ने एक्सपीरियन्स हे डिस्नेचं स्वतःचं अ‍ॅप लागतंच. सगळ्यांची तिकिटं एकाच फोनवर, एकाच यादीत जोडून घ्या. हे काम घरच्या वायफायवर, आठवडाभर आधी उरका.

जुलै २०२४पासून मल्टी पास या विकतच्या पासवर तीन राइड्सच्या जलद रांगेच्या वेळा आधी राखता येतात. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना सात दिवस आधी, इतरांना तीन दिवस आधी, फ्लोरिडाच्या सकाळी सातपासून. कॅलिफोर्नियात असाल तर पहाटे चारचा गजर लावा. काही मोजक्या राइड्स या पासात येत नाहीत. त्यांचा सिंगल पास वेगळा घ्यावा लागतो. नियम आणि दर बदलत असतात, तेव्हा निघण्यापूर्वी अ‍ॅपमध्ये एकदा खात्री करा.

पास प्रत्येक माणसाचा वेगळा असल्याने सहा जणांचा खर्च भराभर वाढतो. त्यासाठी आधी पासाशिवायची आखणी ऑप्टिमाइझ करा, मग पासासकट दुसरी करा, आणि फरक किती तासांचा पडतो ते बघूनच पैसे घाला. गर्दी कमी असलेल्या दिवशी पहाटे उठणाऱ्या घराला पास लागत नाही, असं माझं मत आहे. सुट्टीच्या आठवड्यात मात्र घ्यावा. मिळालेल्या वेळा टुरिंगप्लॅन्समध्ये भरल्या की बाकीचा दिवस त्यांच्याभोवती बसतो.

प्रत्यक्ष त्या दिवशी

फोन एकाच्याच हातात द्या. आखणी त्याने बघायची, बाकीच्यांनी पार्क बघायचं. पॉवर बँक विसरू नका.

राइड झाली की टुरिंगप्लॅन्सच्या अ‍ॅपमध्ये खूण करा. उशीर झाला तर मागचं भरून काढायला कोणालाही पळवू नका. जिथे आहात तिथून पुन्हा ऑप्टिमाइझ करा. राइडच्या दारावर लिहिलेली वेळ अनेकदा प्रत्यक्षापेक्षा जास्त असते. टुरिंगप्लॅन्स त्याशेजारी स्वतःचा अंदाज देतं. रांगेत शिरायचं की नाही, ते त्यावरून ठरवा.

उन्हाळ्यात दुपारी गडगडाटी पाऊस ठरलेला. जवळपास वीज पडत असेल तर उघड्यावरच्या राइड्स बंद ठेवतात. मिकीज फिलहारमॅजिक, हॉल ऑफ प्रेसिडेंट्स असे बंदिस्त आणि थंडगार खेळ त्या वेळेसाठी राखून ठेवा आणि आकाश भरून आलं की पाऊस सुरू होण्याआधीच तिकडे वळा. नंतर सगळं पार्क तिथेच घुसतं.

पार्क बंद व्हायच्या वेळेआधी रांगेत शिरलेल्यांना राइड मिळते, म्हणून मोठ्या मुलाची एखादी लाडकी राइड अगदी शेवटच्या मिनिटांसाठी ठेवायला हरकत नाही. तोवर आजी-आजोबांनी धाकट्याला घेऊन दाराजवळच्या मेन स्ट्रीटवर बसावं. आतषबाजी संपताक्षणी मोनोरेल आणि फेरीबोटीला झुंबड उडते, तेव्हा परतीचा अर्धा तासही आखणीत लिहून ठेवा आणि गर्दी ओसरल्यावरच दाराकडे निघा.