वेताची पट्टी तिरक्या फेरीत तुटते? माझा अनुभव

आजोबांच्या सागवानी खुर्चीची बैठक विणताना तिरक्या फेरीत (उभ्या-आडव्या जाळीतून पट्टी तिरकी ओवताना) पट्टी हमखास तुटायची. सोलापूरचा मे महिना, वर पंखा. वेत हातातच वाळायचा. रात्रभर भिजवला तर काळपट पडून तंतू सुटले. दोनदा सगळं उसवलं, डोकंच फिरलं.

जमलं ते असं. पंखा बंद. एका वेळी 4च पट्ट्या कोमट पाण्यात 20 मिनिटं, मग ओल्या सोलापुरी टॉवेलात. चकचकीत बाजू वर. उभा, आडवा, पुन्हा उभा थर किंचित सैलच (आधी घट्ट ताणायचो, माझी खरी चूक इथेच होती), चौथा आडवा खालीवर विणून. मग बैठक खालून स्पंजने ओली केली. एक तिरकी पट्टी दोन उभ्या पट्ट्यांच्या जोडीवरून, आडव्या जोडीखालून. दुसरी नेमकी उलट. सावलीत वाळल्यावर विणकाम आपोआप ताणलं. आता बोट मारलं की डग्ग्यासारखं वाजतं.